ताप गेला, थकवा राहिला: विश्रांती हा आपला हक्क आहे

पावसाळा सरत आला की नांदेड-लातूरकडच्या कोणत्याही वस्तीत एक वाक्य हमखास ऐकू येते. "ताप तर कधीच गेला, पण अंगात त्राणच नाही." कोणाला डेंग्यू होऊन गेलेला असतो, कोणाला चिकुनगुनिया, कोणाला नुसताच "व्हायरल". रक्ताच्या रिपोर्टमध्ये आता काही निघत नाही, डॉक्टर म्हणतात तुम्ही बरे झालात. पण जिना चढताना पाय थरथरतात, हंडा उचलला की हात सुटतो, पुस्तकाचे एक पान वाचून झाले की डोळ्यांपुढे अंधारी येते. मग घरचे आणि दारचे बोलू लागतात. "आता काय झालंय याला? नाटकं करतोय. सवय लागली बसायची."

आमच्यापैकी काहींनी हे बोलणे ऐकून घेतले आहे, आणि खरे सांगायचे तर काहींनी ते दुसऱ्याला ऐकवलेही आहे. म्हणून हा लेख. तापानंतरचा थकवा हा आरोग्याच्या पुरवणीत छापायचा, लिंबू सरबत आणि नारळपाणी सांगून संपवायचा विषय आहे असे आम्हाला वाटत नाही. कोणाला थकण्याची मुभा आहे आणि कोणाला नाही, हा सरळसरळ जातीचा आणि मजुरीचा प्रश्न आहे.

आधी आजाराबद्दल

चिकुनगुनिया हा शब्द आफ्रिकेतल्या टांझानियातील मकोंडे भाषेतून आला. माणसाला वाकवून टाकणारा, असा त्याचा अर्थ. तिथे १९५२ साली ही साथ ओळखली गेली. आपल्याकडे १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत, म्हणजे लातूरच्या शेजारीच, तिची मोठी साथ आली. त्यानंतर तीन दशके हा आजार जवळजवळ विस्मरणात गेला. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ मध्ये आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरला. त्या एका वर्षात देशभर सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. मराठवाड्यातली गावेच्या गावे तेव्हा काठी धरून चालत होती. ज्यांचे वय आज चाळिशीच्या पुढे आहे त्यांना ते दिवस आठवत असतील. ताप चार दिवसांत गेला, सांधे मात्र महिनोन्महिने दुखत राहिले.

कोरोनाने हीच गोष्ट साऱ्या जगाला शिकवली. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडनंतरच्या दीर्घ आजाराची व्याख्या केली. साधारणपणे संसर्गानंतर तीन महिन्यांनी असणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने न उलगडणारी लक्षणे, अशी ती व्याख्या आहे. त्यात थकवा, धाप आणि डोक्यात धुके साचल्यासारखे वाटणे ही मुख्य लक्षणे सांगितली आहेत. म्हणजे विषाणू गेल्यावरही शरीर पूर्वपदावर यायला वेळ घेते, हे आता कोणी नाकारू शकत नाही. बहुतेक माणसे काही आठवड्यांत सावरतात. काहींना महिने लागतात. यात कोणाच्या मनाची कमजोरी नाही, चारित्र्याची तर नाहीच.

डास जात विचारत नाही, पण

डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा एडिस डास दिवसा चावतो आणि घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आता लातूरचा हिशेब बघा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर तोडून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होते. देशभर त्याची बातमी झाली. पण बातमी न झालेली गोष्ट अशी की त्याआधी आणि त्यानंतरही शहरातल्या कित्येक भागांत नळाला आठवड्या-दहा दिवसांनी पाणी येत राहिले. ज्यांच्याकडे बोअर, झाकणाची टाकी आणि मोटार आहे त्यांचे भागते. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याने टिपाड, कळशा, घागरी, बादल्या भरून ठेवल्या नाहीत तर तो पिणार काय? नळाची पाळी आठ-दहा दिवसांची आणि डासाची वाढही तेवढ्याच दिवसांची. मग आरोग्य खात्याची माणसे येऊन टिपाडात बॅटरी मारतात आणि "कोरडा दिवस पाळा" म्हणून सांगून जातात. ज्याच्या घरी दहा दिवसांनी पाणी येते त्याने कोरडा दिवस कसा पाळायचा, हे कोणी सांगत नाही.

१९२७ साली महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. पाणी हा माणूसपणाचा प्रश्न आहे हे त्यांनी तिथे दाखवून दिले. आज तळे बंद नाही, पण पाणी कोणाच्या नळाला रोज येते आणि कोणाच्या टिपाडात साचते याचा नकाशा काढला, तर तापाचा नकाशाही त्याच्यावर बसेल असे आमचे निरीक्षण आहे. डास जात विचारत नाही हे खरे. पण पाण्याची व्यवस्था विचारते.

मजुरी, खाडा आणि सलाईन

तापाचा हंगाम आणि कामाचा हंगाम एकच येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात साथ भरात असते आणि तेव्हाच लातूर-नांदेडमध्ये सोयाबीनची काढणी असते. काढणी गुत्त्यानं चालते. बायांची टोळी एकराचा भाव ठरवून रान घेते आणि पैसे सगळ्यांत वाटले जातात. टोळीतली एक बाई मागे राहिली तर बाकीच्यांचे नुकसान. म्हणून तापातून उठलेल्या बाईला एक तर टोळीतून वगळतात, नाही तर ती दात-ओठ खाऊन विळा चालवते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आडवी होते. दिवाळीच्या आसपास कंधार, मुखेड, लोहा भागातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेऊन खर्च झालेली. एक दिवस पडून राहिले तर खाडा, आणि तो खाडा उचलीच्या हिशेबात चढतो. अशा माणसाला "पुरेशी विश्रांती घ्या" असे चिठ्ठीवर लिहून देणे ही थट्टा आहे.

मग तो काय करतो? गावातल्या दवाखान्यात जाऊन म्हणतो, "डॉक्टर, ताकदीची बाटली लावा." सलाईनवर आपल्या लोकांचा जितका विश्वास आहे तितका कशावरच नाही. आम्ही कोणाची टर उडवत नाही. ज्याला उद्या कामावर जायचेच आहे त्याला आजच्या आज ताकद विकत हवी असते. पण हिशेब समजून घेऊ या. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. मिठाच्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. उलट्या-जुलाब होऊन अंगातले पाणी कमी झाले असेल, डेंग्यूत डॉक्टरांनी गरज सांगितली असेल, तर सलाईन जीव वाचवते. पण तापानंतरच्या थकव्यावर ते औषध नाही. त्या बाटलीच्या पैशात घरात अंडी, शेंगदाणे आणि डाळ आली असती. त्यातच कधी कधी सांधेदुखीवर स्टेरॉइडचे इंजेक्शन टोचले जाते. माणूस दोन दिवस पळतो आणि मग आणखी खचतो. कोणते इंजेक्शन देताय, हे विचारणे हा आपला अधिकार आहे.

खाण्यापिण्याचा विषय निघालाच आहे तर तेही बोलू. आजारातून उठलेल्याला रस्सा, पायाचे सूप, सुकवलेल्या चान्या हा आपल्या आजी-आयांचा उपाय होता. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या ताटाची नोंद केली आहे. २०१५ साली महाराष्ट्रात गायीसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातले स्वस्त प्रथिन महाग झाले. टीव्हीवरचे आहारतज्ज्ञ प्रथिने खा म्हणतात. कायद्याने ताटातून काय काढले, यावर ते बोलत नाहीत.

थकव्याला जात चिकटते

एखादा अधिकारी महिनाभर वैद्यकीय रजेवर गेला की आपण म्हणतो, बिचाऱ्याने फार ताण घेतला. त्याच आजारातून उठलेली धुणीभांडी करणारी बाई आठ दिवस आली नाही की ती "कामचुकार". मालकाच्या मुलाने वर्षभर घरी राहून परीक्षेची तयारी केली तर तो "गॅप घेतो". आपल्या वसतिगृहातला मुलगा दोन आठवडे वर्गात गेला नाही तर "फुकटात राहून शिकायचं नाही याला." कामचोर, आळशी, फुकटे या शिव्या हवेत तयार झालेल्या नाहीत. ज्यांच्या श्रमावर गाव चालले त्यांनाच आळशी म्हणायची ही जुनी रीत आहे. वर्णव्यवस्थेने काहींना श्रमातून कायमची सुटी दिली आणि उरलेल्यांना विश्रांतीचाच गुन्हा लावला. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले होते. श्रमिकांची विभागणी झाली की विश्रांतीचीही होते.

अठरा तासांचा आदर्श नीट समजून घ्या

आता आपल्या घरातले बोलू. आपल्या चळवळीत "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे" हे वाक्य लहानपणापासून कानावर पडते. जयंतीला विहारांत, महाविद्यालयांत सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. आम्हीही त्यांत बसलो आहोत आणि त्याचा अभिमान आहे. पण लातूरच्या शिकवण्यांच्या गल्लीत डेंग्यूतून उठून तिसऱ्या आठवड्यात नीटची तयारी करणाऱ्या मुलीला जेव्हा आपलाच कोणी म्हणतो, "बाबासाहेबांनी कारणं सांगितली का?", तेव्हा तो बाबासाहेबांचे नाव घेऊन तिचे नुकसान करतो.

बाबासाहेबांनी काय केले ते पूर्ण बघा. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या कारकिर्दीत, १९४६ च्या दुरुस्तीने, कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. त्याआधी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. मजुरांच्या आजारपणाच्या विम्याची योजना आखण्याचे काम १९४३ साली त्यांच्याच खात्याने प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवले. १९४४ ला अहवाल आला आणि त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. स्वतः अठरा तास राबणाऱ्या माणसाने मजुरासाठी मात्र कमी तास, बाळंतपणाची रजा आणि आजारपणातला पगार मागितला. स्वतःची जिद्द त्यांनी दुसऱ्यावर अट म्हणून लादली नाही.

आणि स्वतःच्या शरीराचे म्हणाल तर मधुमेह आणि पायांच्या असह्य वेदनांनी ते संविधानाच्या काळात त्रस्त होते. उपचारासाठी ते मुंबईला येत. तिथेच डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली आणि एप्रिल १९४८ मध्ये विवाह झाला. बाबासाहेब आजारी पडत होते, डॉक्टरकडे जात होते, पथ्य पाळत होते. हे सांगितल्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही. उलट १९५६ साली ते आपल्यातून फार लवकर गेले याची खंत वाढते.

भगवान बुद्धांच्या दोन गोष्टी इथे आठवतात. सोण नावाचा भिक्षू चालत ध्यान करताना पाय रक्तबंबाळ होईपर्यंत थांबला नाही. बुद्धांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण करून दिली. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही. दुसरी गोष्ट आजारी भिक्षूची. तो अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता. बुद्धांनी आनंदासह त्याला अंघोळ घातली, उचलून निजवले आणि इतरांना विचारले, याच्याकडे कोणी का बघत नाही? उत्तर आले की तो आता संघाच्या काही उपयोगाचा नाही. तेव्हा बुद्धांनी सांगितले की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. आपल्या संघटनेत सभेला चार महिने न आलेल्या कार्यकर्त्याचे नाव आपण ग्रुपमधून काढून टाकतो. त्याच्या घरी जाऊन कोणी विचारले का, की बाबा, तुला झालेय काय?

मग करायचे काय

काहीजण म्हणतील, विश्रांती ही पोट भरलेल्यांची चैन आहे, आपल्या लोकांना परवडत नाही. हा आक्षेप खोटा नाही. पण न परवडणारी गोष्ट मागायचीच नाही असे ठरवले असते तर आठ तासही मिळाले नसते.

पहिले, स्वतःपुरते. तापानंतर चार-सहा आठवडे थकवा राहिला तर गप्प बसू नका, तपासणी करा. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, शक्य असल्यास बी-१२. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनेच सांगितले आहे. थकव्यामागे तेही असू शकते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन घटणे, संध्याकाळचा ताप असेल तर थुंकी तपासा, क्षयरोगाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. छातीत दुखणे, बसल्या जागी धाप, चक्कर येऊन पडणे, जगणे नकोसे वाटणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, हे वस्तीत सांगा.

दुसरे, काम तोडून करा. बरे वाटले त्या दिवशी आठवड्याची सगळी कामे उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे, ही चूक जवळजवळ प्रत्येकजण करतो. दमायच्या आधी थांबा. भाकरी बसून थापा, धुणे दोन दिवसांत विभागा, अभ्यास अर्ध्या तासाच्या तुकड्यांत करा. श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग कोसळत असेल तर "व्यायाम वाढवा, आपोआप जाईल" हा सल्ला घेऊ नका. दीर्घ थकव्याच्या आजारात ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेनेही २०२१ मध्ये मागे घेतला.

तिसरे, सावड. शेतात एकमेकांच्या कामाला जाण्याची आपली जुनी पद्धत आजारपणात वापरा. आमच्या माहितीतल्या एका वस्तीत विहाराच्या वहीत आजारी घरांची नावे लिहिली जातात आणि पाणी भरणे, पोरांना शाळेत सोडणे, दवाखान्यात सोबत जाणे वाटून घेतले जाते. पैसा फारसा लागत नाही. यात पुरुषांनीही पाणी भरायचे आहे, हे वेगळे सांगावे लागते याची लाज वाटते. तापातून उठलेली बाई दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसते आणि घरातला कार्यकर्ता बाहेर समतेवर भाषण देतो, हे आपल्याच घरात चालू आहे.

चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे, मागण्या. सावडीने शासनाची जबाबदारी संपत नाही. कर्मचारी राज्य विम्यात कामगाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. पण तो विमा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत, २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यालाच. शेतमजूर, ऊसतोड कामगार, नाक्यावरचा बिगारी, धुणीभांडीवाली यांच्या बाहेर. बांधकाम कामगारांचे मंडळ आहे, ऊसतोड कामगारांच्या नावाने महामंडळ आहे. आजारपणातल्या बुडालेल्या मजुरीची भरपाई त्यांच्यामार्फत सुरू करा, ही मागणी आपण का करत नाही? फुले जनआरोग्य योजना भरती झालेल्याचे बिल भरते, घरी आल्यावर बुडालेल्या दीड महिन्याच्या मजुरीचे काय?

साथीच्या महिन्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तापातून उठलेल्यांच्या तपासणीसाठी ठेवा. महाविद्यालयांनी आणि वसतिगृहांनी हजेरीच्या अटीत आजारपणाची सवलत लेखी द्यावी, मुलांना प्राचार्यांच्या दयेवर सोडू नये. आणि लातूरला नियमित पाणी द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळे होती. तेव्हा मंत्री आले, कॅमेरे आले. मृत्यू झाला की निदान मोजला तरी जातो. थकून घरी पडलेल्या माणसाचे गेलेले दिवस कोणत्याच रजिस्टरात येत नाहीत. ते आपणच मोजायला सुरुवात करू या. या हंगामात आपल्या वस्तीत किती जणांना ताप आला, किती दिवस काम बुडाले, किती पैसे बाटलीवर गेले, किती मुलांची परीक्षा हुकली, एवढी वही जरी प्रत्येक विहाराने केली तरी निवेदनासोबत जोडायला पुरावा तयार होईल. नुसत्या घोषणांपेक्षा अशी वही घेऊन जिल्हाधिकाऱ्यांपुढे गेलेले बरे.

आणि तोवर, घरात किंवा संघटनेत कोणी म्हणाले की "ताप गेला पण अंगात त्राण नाही", तर त्याच्यावर विश्वास ठेवा. सुरुवात तिथूनच होते.

जयभीम.